हाडांच्या मज्जेचा डिफ्युजन एमआरआय: सांगली-मिरजेत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना काढला. तेव्हापासून ‘एकदा मिरजेला दाखवून या’ हे वाक्य या भागात सगळ्यांच्या तोंडी आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलीकडे अथणी, विजयपूर, सगळीकडून माणसं येतात. त्यातली बरीचशी कमरदुखीची. मणक्याचा एमआरआय होतो, गादी सरकल्याचं वगैरे रिपोर्टात येतं आणि खाली एक ओळ असते: ‘मॅरो सिग्नल बदललेला आहे, डिफ्युजनसह संपूर्ण शरीराचा एमआरआय करावा.’ मग नातेवाईक बाहेरच्या बाकावर बसून मोबाइलवर शोधू लागतात आणि दहा मिनिटांत रडकुंडीला येतात.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, ही चित्रं वाचणं हेच माझं काम. खालचे प्रश्न रुग्णांनी, त्यांच्या मुला-सुनांनी आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी वेळोवेळी विचारलेले आहेत.

‘मॅरो सिग्नल बदललाय’ म्हणजे कॅन्सर का?

नाही. हाडाच्या आतली मज्जा दोन प्रकारची असते. रक्त तयार करणारी लाल मज्जा आणि चरबीने भरलेली पिवळी मज्जा. लहान मुलांत जवळजवळ सगळीच लाल असते. वय वाढेल तशी हातापायांच्या टोकाकडून ती पिवळी होत येते. मोठ्या माणसात लाल मज्जा मुख्यतः मणके, कंबरेची हाडं, बरगड्या, छातीचं मधलं हाड आणि मांडीच्या हाडाचा वरचा भाग इथे उरते, आणि तिच्यातही चरबी मिसळलेली असते.

एमआरआयच्या टी-वन चित्रात चरबी पांढरी दिसते. म्हणून निरोगी प्रौढ माणसाचा मणका शेजारच्या गादीपेक्षा उजळ दिसायला हवा. तो गादीपेक्षा किंवा स्नायूपेक्षा काळा दिसला की आम्ही ती ओळ लिहितो. चरबी कमी झाली आहे आणि तिची जागा दुसऱ्या कशाने तरी घेतली आहे, एवढाच तिचा अर्थ. ते ‘दुसरं काहीतरी’ मायलोमाच्या, म्हणजे मज्जेतल्या प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरच्या, पेशी असू शकतात, दुसरीकडून पसरलेला कॅन्सर असू शकतो. पण पाळीत खूप रक्त जाऊन हिमोग्लोबिन सातावर आलेल्या बाईची स्वतःची लाल मज्जाही असू शकते, कारण शरीर रक्त भरून काढायला तिला पुन्हा कामाला लावतं. बरीच वर्षं विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे दिसतं, लठ्ठ माणसांत दिसतं. लांब पल्ल्याच्या धावपटूंतही दिसतं. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तयारी करणारा एखादा तरुण गुडघेदुखीसाठी आला आणि त्याची मज्जा थोडी काळी दिसली, तर मी आधी त्याच्या धावण्याचं विचारीन.

डिफ्युजनमध्ये नेमकं काय मोजतात?

पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने हलतात ते. शरीरातलं पाणी स्थिर नसतं, त्याचे रेणू सतत इकडेतिकडे फिरत असतात. आठवडी बाजाराच्या दिवशी भाजीच्या गल्लीत माणसाला पाऊल पुढे टाकता येत नाही आणि तोच माणूस सुट्टीच्या दिवशी त्याच गल्लीतून सरळ चालत जातो, तसं पेशींची दाटी झाली की पाण्याची चाल अडते. दाटी मोडली की ते पुन्हा मोकळं होतं.

ही चाल चुंबकीय ग्रेडियंटच्या दोन झटक्यांनी टिपायची युक्ती स्टेस्कल आणि टॅनर यांनी १९६५ साली मांडली. तिचा वापर माणसाच्या शरीराची चित्रं काढण्यासाठी १९८० च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाला. त्यात फ्रान्सच्या डेनिस ले बिहान यांचं काम पायाभूत. सुरुवातीला सगळा भर मेंदूवर, मुख्यतः लकव्याच्या रुग्णांवर होता. श्वास चालू असताना धड-पोटाची चांगली डिफ्युजन चित्रं काढता येतात हे जपानमध्ये ताकाहारा आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं, आणि मग डोक्यापासून गुडघ्यापर्यंतची मज्जा एका तपासणीत बघणं शक्य झालं.

तपासणीत हे झटके किमान दोन ताकदींवर देतात. त्या ताकदीला ‘बी-व्हॅल्यू’ म्हणतात. एक कमी, साधारण ५० ते १००, आणि एक जास्त, ८०० ते १०००. जिथे पाणी मोकळं आहे तिथला सिग्नल जास्त ताकदीला पडतो. जिथे ते अडलेलं आहे तिथला टिकून राहतो आणि उजळ दिसतो. बऱ्याच ठिकाणी हे चित्र उलट्या रंगात छापतात, म्हणजे पांढऱ्या कागदावर काळे ठिपके. म्हणून ‘पेट स्कॅन केला’ असं समजून लोक ही फिल्म घेऊन येतात. तो पेट स्कॅन नव्हे; पेटमध्ये किरणोत्सारी साखर टोचून ती कुठे साठते ते बघतात.

एडीसीचा आकडा किती असला की वाईट?

दोन ताकदींच्या चित्रांमधला फरक घेऊन प्रत्येक ठिपक्यासाठी पाण्याच्या चालीचा जो आकडा निघतो, तो एडीसी. मापन चौरस मिलिमीटर प्रति सेकंद, आणि आकडा एक हजारांशाच्या पटीत सांगतात. खाली ‘०.९’ लिहिलं तर ते या पटीतलं समजा.

आता इथे एक गोची आहे. मेंदूचे किंवा यकृताचे एमआरआय वाचायची सवय असलेले डॉक्टरसुद्धा हिच्यात अडकतात. इतर अवयवांत नियम सोपा: एडीसी कमी म्हणजे पेशींची दाटी, म्हणजे काळजी. मज्जेत तसं नाही. निरोगी पिवळ्या मज्जेत पाणी मुळातच थोडं, आणि तेही चरबीच्या मोठमोठ्या पेशींमध्ये अडकलेलं. शिवाय डिफ्युजन चित्र काढताना चरबीचा सिग्नल मुद्दाम दाबतात. त्यामुळे चांगल्या मज्जेचा एडीसीच सगळ्यात कमी येतो, बहुधा ०.६ च्या खाली. तिथे आजाराच्या पेशी शिरल्या की त्यांच्याबरोबर पाणी येतं आणि एडीसी *वाढतो*. साधारण ०.७ ते १.४ या पट्ट्यात जिवंत आजार सापडतो, त्यातही खूप दाट आजार १.० च्या खाली. औषधाने पेशी मेल्या की पाणी आणखी मोकळं होतं आणि आकडा १.४ च्या वर जातो. पुढे काही महिन्यांनी त्या जागी चरबी परत आली की तो पुन्हा खाली येतो.

म्हणजे ०.५ हा आकडा चांगला, ०.९ संशयाचा, १.६ पुन्हा बरा. फक्त आकडा वाचून हे कळणार नाही. ०.५ कुठून आला, चरबीमुळे की दाट गाठीमुळे, हे जास्त ताकदीच्या चित्रात कळतं. चरबी असेल तर तिथे अंधार दिसेल, गाठ असेल तर उजेड. आणि या सीमा काही दगडावरची रेघ नाहीत. मशीन बदललं, बी-व्हॅल्यू बदलल्या, माप घेणाऱ्याने वर्तुळ थोडं इकडे काढलं, तरी आकडा हलतो. निरोगी लाल मज्जेचा आकडा आजाराच्या पट्ट्याला खालून टेकतो.

डिफ्युजनमध्ये चकाकतंय, म्हणजे आजार आहेच ना?

हाच या पानावरचा मुख्य प्रश्न आहे. उत्तर: चकाकणं म्हणजे फक्त ‘इथे बघा’. निदान त्याच्या पुढे सुरू होतं.

पहिली गोष्ट, शरीरात कितीतरी निरोगी भाग चकाकतात. प्लीहा, लसिकाग्रंथी, मज्जारज्जू, मणक्याच्या बाजूच्या मज्जातंतूंच्या गाठी, पुरुषांचे वृषण, मेंदू. नातेवाईक फिल्म उजेडाला धरून ‘सगळीकडे पसरलंय’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा ते प्लीहेकडे बोट दाखवत असतात.

दुसरी गोष्ट, ज्या भागात पाणी खूप आहे तो भाग पाणी मोकळं असूनही उजळ दिसू शकतो. तो मुळातच इतका उजळ असतो की ताकद वाढवली तरी उजेड पुरता उतरत नाही. याला ‘टी-टू शाइन थ्रू’ म्हणतात. मणक्यातल्या हिमँजिओमात, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या निरुपद्रवी गाठीत, हे वरचेवर होतं. एडीसीचा नकाशा बघितला की तिथे आकडा मोठा निघतो आणि प्रश्न मिटतो.

तिसरी गोष्ट, आपल्या भागाची. मणक्याचा टीबी इथे अजून बऱ्यापैकी दिसतो. टीबीच्या पुवात पाणी अडतं, तो चकाकतो आणि त्याचा एडीसी गाठीच्या एडीसीइतका येऊ शकतो. जनावरांत वावरणाऱ्या, कच्चं दूध पिणाऱ्या घरांतून ब्रुसेलाचा, म्हणजे जनावरांकडून येणाऱ्या जंतूने धरलेला, मणका येतो, तोही तसाच फसवतो. तिथे डिफ्युजनपेक्षा साधी चित्रं जास्त सांगतात. संसर्ग बहुधा गादीच्या दोन्ही बाजूंचे मणके धरतो, गादी खातो, बाजूला पुवाचा गळू करतो. कॅन्सर बहुधा गादी सोडून देतो आणि मणक्याचा मागचा भाग, पेडिकल, धरतो. ‘बहुधा’ हा शब्द दोन्हीकडे महत्त्वाचा. म्हणून अशा वेळी सुई घालून तुकडा काढावा लागतो, आणि तो पॅथॉलॉजीबरोबर टीबीच्या तपासणीलाही पाठवावा लागतो.

आता एक मणका कसा वाचतात ते दाखवतो. समजा, साठीतले गृहस्थ, दोन महिने पाठ दुखतेय, हिमोग्लोबिन नऊ. जास्त ताकदीच्या चित्रात कमरेचा तिसरा मणका चकाकतोय. मी कन्सोलवर चार चित्रं शेजारी लावतो. टी-वन: तोच मणका शेजारच्या गादीपेक्षा काळा, कडा गोलसर. डिक्सन पद्धतीचा चरबी-नकाशा, म्हणजे कुठे किती चरबी आहे ते दाखवणारं चित्र: बाकीच्या मणक्यांत चरबी आहे, या वर्तुळात जवळजवळ शून्य. इन-फेज आणि आउट-ऑफ-फेज चित्रांची जोडी (पहिल्यात चरबी आणि पाणी यांचे सिग्नल मिळून येतात, दुसऱ्यात एकमेकांना खोडतात): मज्जेत चरबी आणि पाणी दोन्ही असतील तर दुसऱ्या चित्रात सिग्नल २० टक्क्यांहून जास्त पडायला हवा, इथे पडत नाही. एडीसी ०.८५. चारही साक्षी एकाच बाजूला झुकल्या. मग मी बरगड्या, कंबर, मांडी शोधतो, आणि रिपोर्टात ‘मज्जेत शिरलेला आजार, मायलोमा किंवा पसरलेला कॅन्सर, रक्त-लघवीची प्रोटीन तपासणी आणि बायोप्सी करावी’ असं लिहितो.

त्याच मणक्यात सिग्नल ४० टक्के पडला असता, तर चकाकी असूनही मी ती लाल मज्जा म्हणून सोडून दिली असती. माझ्या मते ज्या रिपोर्टात फक्त डिफ्युजनचं वर्णन आहे आणि टी-वनचा किंवा चरबी-नकाशाचा उल्लेखच नाही, तो अर्धा रिपोर्ट आहे. तुमच्या डॉक्टरांना तसं निःसंकोच विचारा.

आणि काहीच चकाकलं नाही, तर निर्धास्त व्हायचं का?

तेही नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात पसरला की पुष्कळदा हाड दगडासारखं घट्ट करतो. तिथे पाणीच उरत नाही, म्हणून डिफ्युजनमध्ये काळोख. असे डाग टी-वनवर आणि सीटीवर पकडायचे. बरगड्या आणि छातीचं मधलं हाड श्वासाबरोबर हलतात, तिथले छोटे डाग निसटतात. कवटीतला डाग शेजारच्या चकाकत्या मेंदूत लपतो. मणक्यात स्क्रू-रॉड असतील किंवा सिमेंट भरलेलं असेल तर आजूबाजूचं चित्र वेडंवाकडं होतं. मायलोमात मज्जेत पेशी थोड्याच शिरलेल्या असतील तर संपूर्ण एमआरआय स्वच्छ येऊ शकतो.

एक्स-रे स्वस्तात होतो. तोच का नको?

हाडातलं ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय एक्स-रेवर भोक दिसत नाही. एमआरआय हाडाचं कवच न बघता आतली मज्जा बघतो, म्हणून आजार आधी सापडतो. कमी रेडिएशनचा सीटी एक्स-रेपेक्षा खूपच सरस आहे, आणि एमआरआय शक्य नसेल तिथे तोच करावा.

पेट-सीटी आणि डिफ्युजन एमआरआय, दोन्हींत चांगलं कोणतं?

आजारावर अवलंबून आहे. लिम्फोमाच्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या, बऱ्याच प्रकारांत पेट-सीटीच पहिला, त्यात वाद नाही. मायलोमात मज्जेत सगळीकडे विखुरलेला आजार पकडायला डिफ्युजन एमआरआय जास्त तरबेज आहे. काही रुग्णांत मायलोमाच्या पेशी साखर धरूनच ठेवत नाहीत, त्यामुळे आजार असून पेट कोरा येतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मायलोमाचा संशय असेल तर पहिली तपासणी म्हणून संपूर्ण शरीराच्या एमआरआयचा विचार करायला सांगितलं आहे. उलट, हाडाबाहेरचा आजार आणि उपचारानंतर जिवंत पेशी उरल्यात का हे बघायला पेटचा हात वर राहतो.

व्यवहाराची बाजूही आहे. पेटला उपाशी राहावं लागतं, साखर आटोक्यात लागते, किरणोत्सारी औषध टोचतात. एमआरआयला यातलं काही नाही.

रक्ताचा कॅन्सर, म्हणजे ल्युकेमिया, एमआरआयने कळतो का?

त्याचं निदान रक्त आणि बोनमॅरोच्या तपासणीतच होतं. एमआरआयवर मज्जा सगळीकडे बदललेली दिसेल, पण एमआरआयची वाट बघत उपचार थांबवू नयेत.

डिफ्युजन एमआरआयवर कधी उपचाराचा निर्णय ठरतो?

ठरतो, आणि तो मोठा निर्णय असतो. काही जणांत मायलोमा ‘धुमसत्या’ अवस्थेत असतो. रक्तात प्रोटीन आहे, मज्जेत पेशी आहेत, पण हाड, किडनी, हिमोग्लोबिन, कॅल्शियम सगळं ठीक. पूर्वी अशांना फक्त नजरेखाली ठेवत. २०१४ साली आंतरराष्ट्रीय मायलोमा कार्यगटाने निकष बदलले. आता एमआरआयवर ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठे, एकापेक्षा जास्त ठळक डाग असतील, तर तो उपचार सुरू करण्याजोगा मायलोमा धरतात, त्रास नसला तरी. एकच डाग असेल किंवा डागाबद्दल शंका असेल, तर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय.

म्हणूनच ५ मिलिमीटरचा ठिपका खरा आहे की लाल मज्जेचा पुंजका, यावर आम्ही वेळ घालवतो. त्या ठिपक्यावर माणसाची केमो ठरणार असते. ‘रिपोर्टाला दोन दिवस का लागले’ म्हणून चिडलेल्या नातेवाइकांना हे सांगितलं की बहुतेक जण शांत होतात.

रिपोर्ट सगळीकडे एकाच साच्यात यावेत म्हणून २०१९ मध्ये ‘माय-रॅड्स’ नावाची पद्धत प्रसिद्ध झाली. कोणती चित्रं काढायची, कुठे मोजायचं, उपचारानंतर प्रतिसादाला १ ते ५ गुण कसे द्यायचे, हे त्यात आहे. १ म्हणजे औषध नक्की लागू पडतंय, ५ म्हणजे आजार नक्की वाढतोय.

एमआरआयमध्ये एवढं दिसतं, तर बोनमॅरो टोचून काढायची काय गरज?

एमआरआय पेशींची दाटी दाखवतो, त्या कोणत्या पेशी हे सांगत नाही. प्लाझ्मा पेशी किती टक्के, त्यांच्या जनुकांत कोणते बदल, हे कंबरेच्या हाडातून घेतलेल्या नमुन्यातच कळतं आणि औषध त्यावर ठरतं. पण उलटंही खरं आहे. आजार ठिकठिकाणी विखुरलेला असेल तर सुई नेमकी चांगल्या जागी जाऊ शकते. नमुना सौम्य आणि एमआरआय भरलेला, असं झालं तर दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांना फोन करायला हवा.

क्रिएटिनिन वाढलंय. डाय दिला तर किडनी जाईल ना?

या तपासणीला डाय, म्हणजे शिरेतून टोचायचं औषध, लागत नाही. मायलोमाच्या रुग्णाची किडनी आधीच नाजूक असते, म्हणून हा मोठा फायदा आहे. जाता जाता सांगतो: पाठदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी अशा किडनीचं नुकसान होतं. निदान होईपर्यंत दुखण्यावर काय घ्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

तपासणीला किती वेळ लागतो? काय तयारी करायची?

डोक्यापासून गुडघ्यापर्यंत साधारण ४५ मिनिटं ते एक तास. उपाशी राहायची गरज नाही, पण आत जाण्याआधी लघवीला जाऊन या. आवाज मोठा असतो. डिफ्युजनच्या वेळी घर्रघर्र करत टेबल थरथरतं, कानात बोळे देतात. श्वास रोखायला क्वचितच सांगतात, नेहमीसारखा संथ श्वास घ्यायचा.

धातूचं सगळं बाहेर. बायकांच्या बाबतीत वेळ जातो तो जोडव्यांवर. चाळीस वर्षं बोटात रुतलेली जोडवी काढायची म्हणजे कष्टाचं काम, आणि बऱ्याच आजींना ती काढणं अशुभही वाटतं. आमच्या टेक्निशियन ताई साबणाचं पाणी लावून, बोटाला दोरा गुंडाळून हळूहळू सोडवतात आणि सुनेच्या हातात ठेवतात. चांदी काही लोखंडासारखी ओढली जात नाही, पण ती तापू शकते आणि मिसळीचा धातू असेल तर भरवसा नाही. मंगळसूत्र, नथ, करदोट्यातला ताईत, केसातल्या पिना, कवळी, कानाचं यंत्र, सगळं घरीच ठेवून आलात तर उत्तम. जरीची साडी नेसून येऊ नका, जरीच्या तारा तापतात. तिथे गाऊन मिळतो.

पेसमेकर, कानातला कॉक्लिअर इम्प्लांट, डोक्यातली क्लिप, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर नोंदणीच्या खिडकीवरच सांगा. वेल्डिंग किंवा लेथवर काम केलेल्यांनी शेवटची गोष्ट विसरू नये. हृदयातले स्टेंट आणि गुडघ्याचे सांधे यांची बहुधा अडचण येत नाही, पण कार्ड बरोबर आणा.

पाठीवर झोपवतच नाही, किंवा आत गुदमरतं. मग?

तपासणीच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी घेता येते, गुडघ्याखाली उशी ठेवता येते. आवश्यक असेल तर आधी डिफ्युजन आणि टी-वन काढून घ्यायला सांगा. पेशंट पुढे थांबला नाही तरी मुख्य माहिती हातात येते. बंद जागेची भीती असेल तर आधी सांगा, एक नातेवाईक, अंगावर धातू नाही हे तपासून, आत थांबू शकतो.

आजी मोरीत पडली, मणका दबलाय. हा हाडं ठिसूळ झाल्याचा की कॅन्सरचा?

या प्रश्नावर डिफ्युजन मज्जेच्या क्षेत्रात प्रथम गाजलं, १९९८ मध्ये. कल्पना साधी: ठिसूळपणाने दबलेल्या मणक्यात सूज असते, म्हणजे मोकळं पाणी, म्हणजे एडीसी मोठा. कॅन्सरने दबलेल्यात दाटी, म्हणजे एडीसी लहान. पुढे लक्षात आलं की दोन्ही गटांचे आकडे मध्ये एकमेकांत मिसळतात, विशेषतः फ्रॅक्चर ताजं असताना. म्हणून मी आकड्याबरोबर हेही बघतो: मणक्यात कुठे पिवळी मज्जा शिल्लक आहे का, मागची कड बाहेरच्या बाजूला फुगली आहे का की कोपरा मोडून मागे सरकलाय, पेडिकल धरलंय का, मणक्यात पाण्याची किंवा हवेची फट आहे का. फट असेल तर बहुधा ठिसूळपणाच. तरीही कळलं नाही, तर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा एमआरआय. ठिसूळपणाचं फ्रॅक्चर तोवर भरत येतं, चरबी परतू लागते. कॅन्सर तसा वागत नाही.

पाय लुळे पडतायत, लघवी कळत नाही. संपूर्ण शरीराच्या एमआरआयची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे.

थांबू नका. आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जा. मज्जारज्जू दबत असेल तर तासांचा प्रश्न असतो. तातडीचा फक्त मणक्याचा एमआरआय करतात, बाकी शरीर नंतर.

तोपर्यंत मालिश करून घेतली तर चालेल?

मज्जेच्या आजाराचा संशय असेल तर कंबर मोडून देणं, पाठीवर पाय देणं, झटका देणं यातलं काही नको. पोखरलेला मणका त्यात खचतो. वरून हलक्या हाताने तेल चोळायला हरकत नाही.

तीन महिने केमो झाली. एमआरआयमध्ये डाग तसाच आहे. औषध लागू पडलं नाही का?

डागाच्या आकारावर जाऊ नका. हाडातला डाग मऊ गाठीसारखा लगेच लहान होत नाही. एक्स-रेवरची भोकं तर आजार संपल्यावरही वर्षानुवर्षं राहतात. डिफ्युजनचा खरा उपयोग इथे आहे: पेशी मरायला लागल्या की आकार तोच राहूनही चकाकी उतरते आणि एडीसी वर जातो. एडीसी पूर्वीपेक्षा ४० टक्क्यांहून जास्त वाढून १.४ च्या पुढे गेला, किंवा त्या जागी चरबी परतली, तर तो चांगला प्रतिसाद.

अडचण येते ती मधल्या काळात. एडीसी वाढून नंतर कमी झाला, तर चरबी परतली की आजार परतला? आकडा दोन्हीत पडतो. टी-वनवर जागा पांढरी होत असेल तर चरबी, काळी होत असेल तर आजार. पुन्हा तेच, चित्रं जोडीने वाचायची.

आणखी एक सापळा: पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं. ती घेतल्यावर निरोगी लाल मज्जा जोमाने वाढते आणि सगळे मणके एकसारखे चकाकतात. घाबरलेल्या माणसाला ते आजार पसरल्यासारखं दिसतं. तपासणीच्या फॉर्मवर शेवटची केमो कधी झाली, ही इंजेक्शनं कधी घेतली, रेडिएशन कुठे दिलं, हे लिहा. रेडिएशन दिलेल्या भागातली मज्जा काही आठवड्यांत चरबीची होते आणि चौकट आखल्यासारखी वेगळी दिसते. ती माहिती नसेल तर वाचणारा उगाच कोड्यात पडतो.

पुढचा एमआरआय दुसऱ्या सेंटरला काढला तर चालेल? तिथे स्वस्त आहे.

चालेल, पण एडीसीची तुलना ढिली पडते. शक्यतो तेच मशीन, त्याच बी-व्हॅल्यू. ते जमत नसेल तर जुनी चित्रं बरोबर न्या.

द्राक्षबागेवर फवारणी करतो. त्यानेच हे झालं का?

तासगाव-पलूसकडचे शेतकरी हे विचारतातच. शेतीकाम आणि कीटकनाशकं यांचा मायलोमाशी संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. पण एका माणसाला तो कशामुळे झाला हे एमआरआय किंवा कुठलीच तपासणी सांगू शकत नाही. मास्क आणि हातमोजे घालूनच फवारा.

महात्मा फुले योजनेत हा एमआरआय बसतो का?

योजना उपचाराच्या पॅकेजवर चालते. नुसत्या ओपीडीत काढलेला एमआरआय त्यात बसेलच असं धरून चालू नका. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन तपासणीच्या *आधी* त्याला भेटा. आधी पैसे भरून नंतर पावती दाखवण्यात सहसा अर्थ नसतो.

फिल्म आहेत. पुण्या-मुंबईला दाखवायला त्या पुरतील?

नाही. फिल्मवर एडीसी मोजता येत नाही, चरबी-नकाशा बहुधा छापलेलाच नसतो आणि डिफ्युजनच्या शेकडो चित्रांतली निवडक वीस-पंचवीस तेवढी असतात. सेंटरकडून सगळ्या चित्रांची डायकॉम (मशीनच्या मूळ डिजिटल स्वरूपातली) सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या, घरी आल्यावर एक प्रत करून ठेवा. मोबाइलवर फिल्मचे फोटो काढून पाठवले तर त्यावर कुणीही प्रामाणिक डॉक्टर मत देणार नाही. सहा महिन्यांनी बरेच सेंटर जुना डेटा काढून टाकतात, म्हणून मागायचं ते तेव्हाच.